साइट उघडत नाही? राउटर बंद करण्याआधी खालची बारीक ओळ वाचा

साइट उघडत नाही, आपण राउटर बंद करून चालू करतो, साइट उघडते. चार दिवसांनी पुन्हा तेच. ज्यांच्याकडे हे एकदाच होऊन गेलं त्यांनी पुढचं वाचायची गरज नाही. पण ज्यांना राउटरचं बटण दाबायला सारखं उठावं लागतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

राउटर बंद-चालू केल्यावर साइट उघडते, कारण त्या एका बटणाने बऱ्याच गोष्टी एकदम नव्याने सुरू होतात. वायफाय तुटून पुन्हा जोडलं जातं, राउटरने साठवलेले डीएनएसचे (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेचे) पत्ते पुसले जातात, चालू जोडण्यांची त्याच्याकडची यादी कोरी होते, आणि बऱ्याचदा नेट पुरवणाऱ्या कंपनीकडून बाहेरचा आयपी पत्ताही (इंटरनेटवरचा आकड्यांतला पत्ता) नवा मिळतो. यातल्या नेमक्या कशाने काम झालं हे मात्र आता कधीच कळणार नाही. पुरावाच धुऊन निघतो. म्हणून पडद्यावर एरर दिसत असेल तेव्हा काहीही बंद करायचं नाही. आधी ती वाचायची.

आणि वाचायची ती वरची मोठ्या अक्षरांतली ओळ नव्हे. साइटपर्यंत पोहोचता येत नाही, अशा अर्थाचं ते वाक्य क्रोम बहुतेक सगळ्याच बिघाडांना चिकटवतो. कामाची ओळ खाली असते: बारीक, करड्या अक्षरांत, अंडरस्कोरने जोडलेले इंग्रजी शब्द. हाच एररचा कोड. तिचा फोटो काढा किंवा स्क्रीनशॉट घ्या, म्हणजे वेळही आपोआप नोंदली जाते. एज, ब्रेव्ह, ऑपेरा हे सगळे क्रोमच्याच पायावर उभे आहेत, त्यामुळे कोडही तेच. फायरफॉक्स आणि सफारी कोडपेक्षा शब्दांवर भर देतात, पण त्यांचे शब्द वेगवेगळ्या बिघाडांना वेगवेगळे असतात. ‘सर्व्हर सापडला नाही’ आणि ‘सर्व्हरशी जोडता आलं नाही’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपण दोन्ही ‘नेट गेलं’ म्हणून वाचतो.

अडचण कुणाकडे आहे?

कोड टिपून झाला की मिनिटभरात तीन गोष्टी तपासून घ्या. एरवी कधी न उघडणारी एखादी साइट उघडते का? रोजची साइट घेऊ नका, कारण ब्राउझरने साठवलेल्या मजकुरावरून ती अर्धीमुर्धी दिसते आणि नेट चालू असल्याचा भास होतो. दुसरं, अडलेली साइट फोनवर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर उघडते का? आणि तिसरं, त्याच कॉम्प्युटरवर दुसऱ्या ब्राउझरमध्ये, नाहीतर त्याच ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडते का?

मोबाइल डेटावरही उघडत नसेल तर दोष बहुधा साइटचाच आहे, वाट पाहा. डेटावर उघडते आणि वायफायवर नाही, तर शोध राउटरपासून नेट कंपनीपर्यंतच्या पट्ट्यात करायचा. दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडते, तर नेटला दोष देणं सोडा. एखादं एक्स्टेन्शन, बिघडलेली कुकी (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली नोंद) किंवा ब्राउझरचीच एखादी सेटिंग आडवी येते आहे.

इथे एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: ‘पण मेसेज तर येतायत, म्हणजे नेट चालू आहे.’ मेसेजिंगचं ॲप सर्व्हरशी एकदा जोडणी उघडतं आणि ती तासन्‌तास धरून ठेवतं. नवीन साइट उघडायला नवा पत्ता शोधावा लागतो, नवी जोडणी करावी लागते. त्यामुळे डीएनएस बंद पडलेलं असताना मेसेज छान येत राहू शकतात. ही खूण उलट उपयोगाचीच आहे: लाइन जिवंत आहे, नावं शोधणारी यंत्रणा मेली आहे.

कोड कुठल्या टप्प्याचा?

पान पडद्यावर येण्याआधी चार कामं एकामागोमाग होतात. साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणं, हे डीएनएसचं काम. त्या पत्त्यावरच्या सर्व्हरशी टीसीपीची जोडणी करणं. कुलूपबंद एचटीटीपीएस असेल तर ही बहुतेक वेळा ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावर होते, साध्या, बिनकुलपाच्या एचटीटीपीला ८०. मग साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट तपासून टीएलएसची कुलूपबंद वाट तयार करणं. आणि शेवटी प्रत्यक्ष पान मागणं. प्रत्येक एरर या चारांपैकी कुठल्यातरी एका टप्प्यावर थांबलेली असते आणि तिच्या आधीचे टप्पे पार पडलेले असतात. सर्टिफिकेटची तक्रार दिसतेय याचाच अर्थ नाव सापडलं, जोडणी झाली. मग तिथे डीएनएस बदलत बसण्यात बहुतेक वेळा अर्थ नसतो. ‘बहुतेक’ म्हणालो, कारण डीएनएसने चुकीचाच पत्ता दिला तर भलत्याच सर्व्हरचं सर्टिफिकेट समोर येऊ शकतं.

हे एकदा डोक्यात बसलं की ‘कॅशे आणि कुकीज साफ करा’ या सल्ल्याची किंमत कळते. कुकी पाठवली जाते ती चौथ्या टप्प्यावर. पहिल्या तीनपैकी कुठेही अडलं असेल तर कुकीज पुसून फक्त सगळीकडे पुन्हा लॉग-इन करायचं काम वाढतं. तरी हा सल्ला सगळ्या याद्यांत पहिल्या क्रमांकावर असतो!

पुढे कोड देताना सुरुवातीचं ‘ईआरआर’ मी सोडून देतोय.

नाव सापडत नाही

‘नेम नॉट रिझॉल्व्हड’ किंवा ‘डीएनएस प्रोब फिनिश्ड’ने सुरू होणारे कोड इथले. त्यातला ‘एनएक्सडोमेन’ नीट समजून घ्यायला हवा. डीएनएसकडून उत्तर आलंय, आणि ते उत्तर ‘या नावाचं काही अस्तित्वात नाही’ असं आहे. म्हणजे आधी स्पेलिंग तपासा. ते बरोबर असेल तर साइटच्या मालकाने डोमेनचं नूतनीकरण केलेलं नसेल, किंवा मधला एखादा फिल्टर मुद्दाम असं उत्तर देत असेल. मुलांसाठी लावलेले आणि जाहिराती अडवणारे डीएनएस नेमकं हेच करतात.

खरं-खोटं करायला एनएसलुकअप नावाची कमांड विंडोज आणि मॅक दोन्हीत आहे. कमांड प्रॉम्प्ट किंवा टर्मिनल उघडा, एनएसलुकअप लिहा, स्पेस, साइटचं नाव, एंटर. वरच्या ओळीत ज्याला विचारलं तो डीएनएस सर्व्हर दिसतो. घरी बहुतेक वेळा तो तुमचा राउटरच असतो. खाली साइटचा पत्ता यायला हवा. तो आला नाही तर तीच कमांड पुन्हा द्या, या वेळी साइटच्या नावापुढे स्पेस देऊन ८.८.८.८ जोडा. आता प्रश्न राउटरला न जाता थेट गूगलच्या सार्वजनिक डीएनएसला जातो. पहिल्यांदा नकार आणि दुसऱ्यांदा पत्ता, असं झालं तर चोर सापडला: राउटर किंवा नेट कंपनीचं डीएनएस. दोन्हीकडे नकार, तर नावातच किंवा साइटच्या स्वतःच्या डीएनएसमध्ये काहीतरी गडबड. दोन्हीकडे पत्ता मिळतो आणि ब्राउझर तरी रडतोय, तर ब्राउझर स्वतःचं वेगळं डीएनएस वापरतोय का बघा. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनाही सुरक्षित डीएनएसची स्वतंत्र सेटिंग आहे, आणि ती सिस्टीमच्या सेटिंगला जुमानत नाही.

डीएनएस बदलायचं ठरलं तर गूगलचं ८.८.८.८ आहे (२००९ पासून), क्लाउडफ्लेअरचं १.१.१.१ आहे (२०१८ पासून), क्वाड९चं ९.९.९.९ आहे. कुठलंही चालेल. बदल राउटरमध्ये केलात तर घरातल्या सगळ्या उपकरणांना एकदम लागू होतो. आधी एकाच कॉम्प्युटरवर करून बघणं शहाणपणाचं. ऑफिसच्या नेटवर्कवर मात्र हे परस्पर करू नका. ऑफिसच्या आतल्या साइट्सची नावं फक्त तिथल्या डीएनएसला ठाऊक असतात, त्या लगेच बंद पडतील आणि तक्रार तुमच्याच नावावर जाईल.

अँड्रॉइडवाल्यांनी अजून एक जागा बघावी. अँड्रॉइड ९ पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाची सेटिंग आहे. जाहिराती अडवायला कधीतरी तिथे एखाद्या सेवेचं नाव टाकलेलं असतं आणि आपण ते विसरून गेलेलो असतो. ती सेवा बंद पडली की वायफाय पूर्ण भरलेलं दिसतं, मोबाइल डेटाही दिसतो आणि एकही साइट उघडत नाही. दोन्हीकडे एकदम नेट गेल्यासारखं वाटत असेल तर आधी इथे जा.

साइटने सर्व्हर बदलला असेल आणि तुमच्याकडे जुना पत्ता साठलेला असेल, तर विंडोजमध्ये आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश आणि त्याला चिकटून फ्लशडीएनएस ही कमांड द्या. क्रोमची स्वतःची वही वेगळी असते, पण ब्राउझर पूर्ण बंद करून उघडला तरी ती पुसली जाते. आणि एकच साइट, एकाच कॉम्प्युटरवर, सगळ्या ब्राउझरांत अडते आहे? मग होस्ट्स फाइल उघडून बघा. विंडोजच्या सिस्टीम३२ फोल्डरमध्ये ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, त्यात ती असते. कुठल्यातरी सॉफ्टवेअरने किंवा व्हायरसने तिथे त्या साइटपुढे भलताच पत्ता लिहून ठेवलेला असू शकतो. सुरुवातीला हॅशचं चिन्ह (#) असलेल्या ओळी निरुपद्रवी असतात.

नाव सापडलं, दार उघडत नाही

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ हे दोन कोड लोक एकाच पोत्यात टाकतात. दार ठोठावल्यावर आतून कुणीतरी ‘चला, पुढे’ म्हणणं वेगळं, आणि आत चिटपाखरू नसणं वेगळं.

रिफ्यूज्ड ही एरर झटकन येते, कारण समोरच्याने उत्तर दिलेलं असतं. मशीन जिवंत आहे, पण त्या पोर्टवर ऐकणारा प्रोग्रॅम चालू नाही, किंवा फायरवॉलने (नको त्या जोडण्या अडवणाऱ्या यंत्रणेने) तोंडावर नकार दिला. मोठ्या साइटवर हे क्वचित दिसतं. राउटरचं किंवा प्रिंटरचं पान उघडताना, किंवा स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवलेला सर्व्हर बघताना वारंवार दिसतं. तिथे पोर्टचा आकडा आणि एचटीटीपी की एचटीटीपीएस हे तपासलं की बहुतेक प्रश्न मिटतो. सगळ्याच साइट्स नाकारल्या जात असतील, किंवा ‘प्रॉक्सी कनेक्शन फेल्ड’ असा कोड येत असेल, तर सिस्टीमच्या नेटवर्क सेटिंगमध्ये प्रॉक्सी (मधला मध्यस्थ सर्व्हर) चालू राहिलेला आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे नेहमीचंच: ऑफिसात लागणारा प्रॉक्सी घरी तसाच. अर्धवट काढलेले व्हीपीएनही मागे प्रॉक्सी ठेवून जातात.

टाइम्ड आउटला मात्र वेळ लागतो. गोल फिरत राहतो, चहूकडे शांतता, आणि मग एरर. पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) गेलं आणि उत्तरच आलं नाही. सर्व्हर बंद असेल, फार बोजा असेल, मधल्या फायरवॉलने पॅकेट गुपचूप टाकून दिलं असेल, किंवा साइटने तुमचा आयपी पत्ता अडवला असेल. शेवटची शक्यता असेल तर राउटर बंद-चालू केल्यावर नवा आयपी मिळतो आणि साइट उघडते. मग ‘राउटरचाच दोष होता’ हा समज आणखी पक्का होतो.

‘कनेक्शन रीसेट’ म्हणजे बोलणं सुरू झालं आणि मध्येच कुणीतरी तोडलं. अँटिव्हायरसची वेब तपासणी, व्हीपीएन किंवा वाटेतला एखादा फिल्टर यांच्यावर पहिला संशय घ्या, आणि दहा मिनिटांसाठी एकेक बंद करून बघा. एका वेळी एकच. ‘नेटवर्क चेंज्ड’ वारंवार येत असेल तर कॉम्प्युटर दोन नेटवर्कांमध्ये उड्या मारतोय: वायफाय आणि केबल दोन्ही जोडलेले, किंवा व्हीपीएन तुटून पुन्हा लागतोय.

आता ज्या बिघाडाने सगळ्यात जास्त डोकं खाल्लं जातं त्याच्याकडे येतो. लक्षणं अशी: सर्च चालतो, काही साइट्स वाऱ्यासारख्या उघडतात, आणि काही ठरावीक साइट्स कायम फिरत राहतात. लॉग-इनचं पान येतं, पण फाइल अपलोड करायला गेलं की गाडी अडकते. डीएनएस बदलून फरक नाही, ब्राउझर बदलून फरक नाही. मोबाइल डेटावर सगळं सुरळीत. अशा वेळी एमटीयू तपासा.

एमटीयू म्हणजे एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती बाइट मावतात तो आकडा. इथरनेटवर तो १५०० असतो. पण नेट पीपीपीओईवरून येत असेल, म्हणजे राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकून लाइन सुरू होत असेल, तर ८ बाइट त्या वेष्टनात जातात आणि १४९२ उरतात. व्हीपीएन असेल तर आणखी कमी. मोठं पॅकेट अरुंद जागी पोहोचलं की तिथल्या राउटरने ‘लहान करून पाठव’ असा निरोप परत द्यायचा असतो. हा निरोप आयसीएमपी या नेटवर्कच्या निरोपांच्या पद्धतीतून येतो, आणि काही फायरवॉल सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट अडवतात. मग पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो आणि ते पुन्हा पुन्हा नाहीसं होतं. छोटी पॅकेटं आरामात जातात, म्हणूनच जोडणी झालेली दिसते आणि मजकूर येत नाही.

विंडोजवर याची चाचणी पिंगनेच होते, म्हणजे समोरच्या पत्त्याला साद घालून उत्तर येतंय का पाहणाऱ्या कमांडने. आधी साधा पिंग १.१.१.१ ला द्या आणि उत्तर येतंय याची खात्री करा. मग पिंगनंतर स्पेस, डॅश एफ, स्पेस, डॅश एल, स्पेस, १४७२, स्पेस आणि तोच पत्ता. एफ म्हणजे पॅकेट तोडू नकोस. एल नंतरचा आकडा म्हणजे आतला माल. त्यावर २८ बाइटांची शीर्षकं चढतात, म्हणून १४७२ अधिक २८ बरोबर १५००. उत्तर आलं तर एमटीयू निर्दोष. पॅकेट तोडावं लागेल असा संदेश आला किंवा उत्तरच आलं नाही, तर १४६४ करून बघा, मग १४५२, आणि असंच खाली. ज्या आकड्याला उत्तर येतं त्यात २८ मिळवा. तो तुमचा खरा एमटीयू. १४६४ चालला तर १४९२. हा आकडा राउटरच्या वॅन (बाहेरच्या लाइनच्या) सेटिंगमध्ये टाकायचा. तो एकदा जुळला की राउटरच्या बटणाशी तुमचा संबंध संपतो.

आयपीव्ही६ बद्दल थोडंच सांगतो. ही आयपी पत्त्यांची नवी पद्धत. साइटला जुने आणि नवे असे दोन्ही प्रकारचे पत्ते असतील तर ब्राउझर दोन्हीकडे प्रयत्न करतो आणि ज्याची जोडणी आधी होईल ती धरतो. घरचं आयपीव्ही६ अर्धवट चालत असेल तर कधी उघडतं, कधी नाही, अशी लपाछपी सुरू होते. तात्पुरतं बंद करून फरक पडतो का पाहा. पडला तर राउटरची सेटिंग सुधारून पुन्हा चालू करा. कायमचं बंद ठेवणं हा काही उपाय नव्हे. ‘क्विक प्रोटोकॉल एरर’ दिसली तर तीही याच घरातली: क्रोम टीसीपीऐवजी यूडीपी या दुसऱ्या पद्धतीवरून जायला बघतो आणि मधलं कुणीतरी यूडीपीचा खेळखंडोबा करतं. क्रोमच्या फ्लॅग्ज (प्रायोगिक सेटिंगच्या) पानावर क्विक बंद करून खात्री करता येते.

सर्टिफिकेटची तक्रार

‘सर्ट डेट इनव्हॅलिड’ दिसलं की पहिली नजर घड्याळाकडे टाका, कॉम्प्युटरच्या. सर्टिफिकेटवर कधीपासून कधीपर्यंत वैध हे लिहिलेलं असतं. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काही वर्षांपूर्वीची तारीख असेल तर त्याच्या लेखी सगळ्या साइट्सची सर्टिफिकेटं अजून जन्मालाच आलेली नाहीत. तारीख दुरुस्त केली, दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे गेली, असं जुन्या डेस्कटॉपवर होत असेल तर मदरबोर्डवरचा बटण सेल संपलाय. बहुतेक बोर्डांवर तो सीआर२०३२ असतो. वीज बंद असताना घड्याळ चालतं ते त्याच्यावर. दिवसा सगळं ठीक आणि सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर मात्र सर्टिफिकेटच्या एरर, हे त्याचं ठरलेलं लक्षण.

तास बरोबर दिसतो पण टाइमझोन चुकीचा, हाही प्रकार होतो. कुणीतरी चुकलेला टाइमझोन तसाच ठेवून काटे हाताने बरोबर केलेले असतात. कॉम्प्युटर आतून जागतिक वेळेने विचार करतो, ती काही तासांनी चुकते, आणि नुकतीच निघालेली सर्टिफिकेटं अवैध ठरतात. टाइमझोन आधी नीट करा, मग वेळ आपोआप घ्यायला लावा.

घड्याळ बरोबर आणि एकाच साइटवर तक्रार, तर मालकाने सर्टिफिकेटचं नूतनीकरण केलेलं नाही. फुकट सर्टिफिकेटं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची सर्टिफिकेटं सुरुवातीपासून ९० दिवसांची होती आणि ती आपोआप बदलली जावीत अशीच व्यवस्था असते. ती व्यवस्था अडली की साइट अचानक लाल होते. तुमच्या हातात काही नाही.

जुन्या फोनवर किंवा जुन्या मॅकवर बऱ्याच साइट्स एकदम नाकारल्या जात असतील तर कारण वेगळं. उपकरणात विश्वासू मूळ सर्टिफिकेटांची यादी असते आणि अपडेट येणं थांबलं की ती शिळी होते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ या मूळ सर्टिफिकेटची मुदत संपली तेव्हा कित्येक जुन्या उपकरणांवर असंच झालं. फायरफॉक्स स्वतःची यादी सोबत घेऊन फिरतो, म्हणून त्या उपकरणावर त्याची चालण्यासारखी आवृत्ती मिळाली तर काम निभावतं. टीएलएस १.० आणि १.१ मोठ्या ब्राउझरांनी २०२० मध्ये सोडलं, त्यामुळे उलटंही घडतं: ब्राउझर नवा, आणि जुन्या राउटरचं किंवा कॅमेऱ्याचं सेटिंगचं पान उघडायला तयार नाही.

हॉटेल, विमानतळ, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणच्या वायफायवर ‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ आलं तर घाबरू नका आणि पुढेही जाऊ नका. तिथलं लॉग-इनचं पान तुमच्या साइटच्या जागी घुसायला बघतंय आणि एचटीटीपीएस त्याला अडवतंय. पत्त्याच्या पट्टीत नेव्हरएसएसएल डॉट कॉम टाका. ही साइट मुद्दाम साध्या एचटीटीपीवर ठेवलेली आहे, त्यामुळे लॉग-इनचं पान समोर येतं.

घरच्या नेटवर, सगळ्या साइट्सवर ‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ येत असेल तर बहुतेक अँटिव्हायरस एचटीटीपीएस उघडून तपासतोय आणि त्याचं स्वतःचं सर्टिफिकेट नीट बसलेलं नाही. त्याची वेब तपासणी बंद करून बघा. तो नसेल तर मग मधे कोण बसलंय याचा छडा लागेपर्यंत त्या नेटवर्कवर एकही पासवर्ड टाकू नका. बँकेच्या साइटवर ‘तरीही पुढे जा’ हा दुवा कधीच दाबायचा नाही. काही साइट्सवर ब्राउझर तो दुवा दाखवतच नाही, आणि ते बरंच आहे.

उत्तर आलं, पण नको ते

५०० पासून पुढचे आकडे, म्हणजे ५०२, ५०३, ५०४, हे सर्व्हरकडचे. तुमचं नेट, डीएनएस, सर्टिफिकेट सगळं उत्तम आहे. ८ जून २०२१ ला साइट्सचा मजकूर पोहोचवणाऱ्या फास्टली या कंपनीच्या जाळ्यात बिघाड झाला तेव्हा जगभरच्या बड्या साइट्सवर एकाच वेळी ५०३ झळकत होता. ४ ऑक्टोबर २०२१ ची गोष्ट त्याहून बोलकी: फेसबुकच्या जाळ्याकडे जाणारे मार्गच इंटरनेटवरून मागे घेतले गेले, त्यांचे डीएनएस सर्व्हर पोहोचेनासे झाले, आणि सुमारे सहा तास ब्राउझरमध्ये नाव न सापडल्याची एरर येत राहिली. डीएनएसची एरर म्हणजे आपलंच डीएनएस बिघडलं, असं दरवेळी नसतं. एनएसलुकअप दुसऱ्या सर्व्हरला विचारून करायचं ते याचसाठी.

४०३ (प्रवेश नाकारला) किंवा ४२९ (फार वेळा मागणी) व्हीपीएनवर असताना आला तर व्हीपीएन बंद करा. तो पत्ता तुमच्याआधी बऱ्याच जणांनी वापरून बदनाम केलेला असतो. ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ आणि हेडर किंवा कुकी फार मोठी असल्याची ४०० ही एरर, या दोन ठिकाणी मात्र कुकी पुसण्याचा सल्ला सोळा आणे खरा. फक्त त्या साइटच्या कुकीज पुसा, सगळ्या नाही.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिघाडाला पकडायचं कसं

दोन कमांड खिडक्या उघडा. विंडोजवर आयपीकॉन्फिग दिल्यावर ‘डिफॉल्ट गेटवे’पुढे राउटरचा पत्ता दिसतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. पहिल्या खिडकीत त्या पत्त्याला पिंग, शेवटी डॅश टी लावून, म्हणजे तो थांबत नाही. दुसऱ्या खिडकीत तसाच १.१.१.१ ला. मॅकवर डॅश टी लागत नाही, पिंग आपोआप चालूच राहतो. दोन्ही खिडक्या बाजूला सरकवून आपलं काम करत राहा.

साइट अडली की त्या खिडक्यांकडे बघा. दोन्ही तुटले असतील तर बिघाड तुमच्या आणि राउटरच्या मध्ये, म्हणजे वायफाय किंवा केबल. खात्रीसाठी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून दिवसभर तीच चाचणी करा. आयपीकॉन्फिगमध्ये तुमचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. राउटरचा पिंग शाबूत आणि १.१.१.१ चा तुटला, तर लाइन किंवा नेट कंपनी. दोन्ही बिनबोभाट चालू आणि साइट तरीही नाही, तर वरच्या डीएनएसच्या भागाकडे वळा, तिथे निभावलं नाही तर एमटीयू.

मग वेळा जुळवा. लॅपटॉप झोपेतून उठल्यावरच होत असेल तर वायफाय कार्डची वीज वाचवण्याची सेटिंग किंवा व्हीपीएन. ठरावीक तासांनी होत असेल तर राउटर नेट कंपनीकडून पत्ता नव्याने घेताना अडखळतोय. रोज एकाच गर्दीच्या वेळी पिंगचे आकडे फुगत जाऊन मग तुटत असेल तर लाइनवर बोजा. बरेच जण एकदम वापरत असताना नव्या साइट्स उघडत नाहीत, पण चालू असलेला व्हिडिओ अडत नाही, असं असेल तर राउटरची जोडण्यांची यादी भरून जातेय. जुन्या, स्वस्तातल्या राउटरना हे जड जातं, तिथे राउटरच बदलावा लागतो.

फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये ‘नेटवर्क रीसेट’ करण्याचा पर्याय अगदी शेवटी ठेवा. फोनवर त्याने सगळे वायफाय पासवर्ड आणि व्हीपीएन पुसले जातात, आणि राउटरच्या बटणासारखाच तोही पुरावा घेऊन जातो.

नेट कंपनीला फोन करायची वेळ आली तर ‘नेट चालत नाही’ म्हणू नका. पलीकडून ‘राउटर बंद-चालू करा’ एवढंच ऐकायला मिळेल. ‘केबलने जोडलेलं आहे, राउटरचा पिंग तुटत नाही, बाहेरचा अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत तुटतो, सोबत कोडचा स्क्रीनशॉट आहे’ असं सांगा. ट्रेसआरटीचा, म्हणजे साइटपर्यंतच्या वाटेवरचे राउटर ओळीने दाखवणाऱ्या विंडोजच्या कमांडचा निकालही जोडा, पण बिघाड चालू असतानाचा. नंतर काढलेल्याला काही किंमत नाही. त्यात मधल्या एखाद्या ओळीवर चांदण्या (*) दिसल्या आणि पुढच्या ओळींना उत्तरं येत असतील तर त्या ओळीवरून भांडू नका, तो राउटर फक्त अशा चाचणीला उत्तर देत नाही. जिथून पुढे शेवटपर्यंत चांदण्याच आहेत आणि त्याच वेळी साइटही उघडत नाही, ती ओळ दाखवा.